टीम ठरवेल

रविवारी सकाळी पावणेसात वाजता रिग्गई भागातल्या वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवलं आणि प्रभाकर घाडींना भिंतीवर स्वतःचं नाव सापडेना.

भिंतीवर गेली चोवीस वर्षं एक तक्ता होता. सगळ्यात वर मुदीर, म्हणजे मालक. त्याखाली इंजिनिअर. त्याखाली ‘फोरमन : पी. घाडी’ अशी ठसठशीत चौकट आणि तिच्याखाली एसी आणि गच्चीवरची मोठी कूलिंग यंत्रं, म्हणजे चिलर, दुरुस्त करणारी दहा माणसं. रोज येता-जाता घाडी त्या चौकटीकडे ओझरतं बघून घेत. चौकट आहे म्हणजे आपण आहोत, असा त्यांचा हिशेब होता. आज चौकटी गायब होत्या आणि त्या जागी नुसते गोल आले होते. मोठ्या गोलात छोटे, छोट्यांना छेदणारे आणखी छोटे. कुणी घाईघाईत तव्यावर आंबोळ्या घालाव्यात तसे. शेवटी तिसऱ्या गोलात, जयराम आणि बाळासाहेब यांच्यामध्ये, घाडींना आपलं नाव दिसलं. नाव होतं, पण फोरमन हा शब्द कुठेच नव्हता.

घाडी मुळातच घाबरट. भीती वाटायला त्यांना कारण लागत नसे. पत्नीचा फोन दोनदा वाजला तरी ते उचलण्याआधी बसायला जागा शोधत. इथे तर धडधडीत कारण भिंतीवर लटकत होतं.

“गुड मॉर्निंग, प्रभाकर! कसा आहेस?”

घाडींनी मागे वळून पाहिलं, कारण ही हाक आपल्याला असेल असं त्यांना वाटलंच नाही. बावन्न वर्षांच्या घाडींना नुसत्या नावाने, तेही एकेरीत हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं. ते म्हणजे कणकवलीची आत्या, आणि तीसुद्धा आधी ‘मेल्या’ म्हणून मग नाव घेई. इथे मात्र समोर उभा होता सुयोग. वय एकोणतीस, पुण्याचा, पायांत पांढरेशुभ्र बूट. मालकाच्या हातून वर्षभरात दोन मोठी कामं गेली होती. नव्या कंपन्यांची पोरं म्हणे ऑफिसात बसून मोबाईलवर एसीची नाडी बघत. तेव्हा आपली कंपनी बदलायला मालकाने सुयोगला तीन महिन्यांसाठी पुण्याहून आणलं होतं.

“सर, माझी पोस्ट...”

“सर नाही! सुयोग. ओन्ली सुयोग. आजपासून इथे कुणी कुणाचा बॉस नाही. आपण आता नेटवर्क आहोत.”

“मग फोरमन?”

“तो शब्दच विसर. तू टीम मेंबर आहेस, प्रभाकर.”

“पण सर... सुयोग सर... माझा इकामा डिसेंबरात संपतोय. त्याच्यावर फोरमन लिहिलंय. आता पोस्टच नाही, तर रिन्यू करायचा की नाही ते कोण ठरवणार?”

“टीम ठरवेल,” सुयोग प्रसन्नपणे म्हणाला आणि पांढरे बूट वाजवत पुढच्या गोलाकडे गेला.

 इकामा म्हणजे या आखाती देशात राहण्याचा परवाना. तो त्यांच्या नोकरीवर टांगलेला आणि त्याच्या शेपटाला धरून त्यांची बायको तारा आणि मुलगी स्वरा. स्वरा बारावीला होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आणि इकामा डिसेंबरात संपणार. चौकट गेली तर फोरमन गेला, फोरमन गेला तर इकामा गेला आणि इकामा गेला तर परीक्षेच्या तोंडावर पोरीला उचलून कणकवलीला न्यायचं. घाडींनी ही साखळी तिथल्या तिथे तीनदा तपासली. एसीच्या सर्किटात सापडतो तसा एखादा फॉल्ट हिच्यात सापडेल अशी त्यांना आशा होती, पण एकही सापडला नाही.

त्यांनी गोलातल्या माणसांना विचारलं, तर सगळ्यांनी कमालचं नाव सांगितलं, म्हणून ते कमालकडे गेले. कमाल हा कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा इजिप्शियन माणूस. त्याच्या टेबलावर फाइलींचा डोंगर आणि डोंगरावर चहाचा ग्लास ठेवलेला असे.

“कमालभाई, मेरा इकामा...”

“घाडी, पहले मेरे को कौन बोलता था ये करो, वो करो? इंजिनिअर. अभी इंजिनिअर बोलता, मेरे को मत पूछो, टीम को पूछो.”

“टीम को पूछा. टीम बोला, कमाल को पूछो.”

“तो बुकरा आओ,” कमाल म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या. हा उद्या नेमका कुठल्या महिन्यातला, हे कमालने आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी खैतान भागातल्या आपल्या घरी घाडी जेवायला बसले, तेव्हा ताराने ताटाऐवजी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय झाला वो? तोंड असा कित्याक झाला हा?”

घाडींनी सगळं सांगितलं. स्वरा फिजिक्सच्या पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, “इट्स कॉल्ड अ फ्लॅट स्ट्रक्चर, बाबा. इट्स अ गुड थिंग. एव्हरीवन इज इक्वल.”

“अगो, सगळे सारखे झाले तर काढतले कोणाक, ता कसा समाजतला?” तारा म्हणाली.

हा प्रश्न घाडींच्या मनात आलाच नव्हता. आता आला आणि माशाच्या काट्यासारखा घशात अडकून बसला.

दुसऱ्या दिवशी पहिली ‘स्टँडअप’ झाली. म्हणजे अकरा माणसांनी गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने आपणहून बोलायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. हुकूम कुणी सोडायचा नाही. “आणि प्रभाकर, तू अजिबात सुरुवात करायची नाहीस,” सुयोगने बजावलं. “तू बोललास की हे सगळे तुझ्याकडे बघतात.”

घाडी बोलले नाहीत. तरी सगळे त्यांच्याकडेच बघत राहिले. दोन मिनिटं गेली, तीन गेली. छतावरचा पंखा तेवढा मोकळेपणाने बोलत होता.

“भाऊ, म्या बोलू का?” बाळासाहेबाने अखेर विचारलं. तो बीडचा, त्या कोकणी गोतावळ्यातला एकटा मराठवाड्याचा.

“मला विचारू नकोस,” घाडी कासावीस होऊन म्हणाले.

“भाऊनी सांगल्याशिवाय आमी कधी बोललंव नाय,” जयराम म्हणाला. घाडींच्या हाताखाली त्याची अठरा वर्षं गेली होती. “आता एकदम कसे बोलतलंव?”

सुयोगने टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. मग तो गंभीरपणे म्हणाला, “हे बघा, सात आठवड्यांनी मुदीर स्वतः बघायला येणार आहेत. जो गोल चालत नाही, तो बंद होणार. लोक दुसऱ्या गोलात जातील, किंवा...” त्याने वाक्य तिथेच सोडलं. त्या ‘किंवा’च्या पुढे विमानतळ आहे, हे अकराही जणांना कळलं.

त्या दिवशी घाडी जेवले नाहीत. ताराने त्यांच्यासमोर सोलकढीची वाटी ठेवली आणि थोडा वेळ विचार केला.

“मी काय म्हणतंय,” ती म्हणाली, “गावात मानकरी एकमेकांचा तोंड बघनत नाय. मान कोणाचो, नारळ कोणी फोडूचो, सगळ्यार भांडतत. पण गाऱ्हाण्याक उभे रवले की सगळे एका सुरात बोलतत की नाय?”

घाडींनी वाटी खाली ठेवली. त्यांचं घराणंच गाऱ्हाणं घालणाऱ्यांचं. देवळात देवापुढे उभं राहून एकाने गावाचं सुखदुःख सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा, हे त्यांनी आजोबांच्या कडेवरून पाहिलेलं होतं. तिथे लाजऱ्यातल्या लाजऱ्या माणसाचासुद्धा आवाज फुटतो.

“पण इथे देवाचं नाव कसं घेणार? वर्कशॉपात? कुणी ऐकलं तर?” घाडींना घाम फुटला.

“नाव घेव नकात. चाल तीच ठेवा.”

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी खैतानच्या त्या दोन खोल्यांत दहा माणसं दाटीवाटीने उभी राहिली. घाडींनी जयरामला सूर दिला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी दबकून उभे राहिले, कारण सुरुवात करायला त्यांना मनाई होती. बाळासाहेब थोडा बिचकला होता. “आमच्याकडं गाऱ्हाणं नसतंय,” तो म्हणाला, “पण व्हय म्हणाया काय जातंय?”

काय जातंय ते पुढे कळलं.

रविवारी सुयोग टॅबलेट घेऊन आला. गोल झाला. जयराम खाकरला आणि हात जोडता जोडता सावरून त्याने ते पाठीमागे बांधले.

“गच्चीवरच्या, चिलरावरच्या, बारा पाइपांवरच्या म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!” दहा गळे गरजले. शेजारच्या गोलातल्या प्लंबराच्या हातून पाना पडला.

“काल खैतानच्या बिल्डिंगीत बाळासाहेबान फिल्टर धुले, ते मान्य करून घे रे म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“शिडी एक आणि माणसा दहा, ही आमची अडचण दूर कर रे म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

सुयोगचे डोळे विस्फारले. “अमेझिंग! काय एनर्जी आहे! पण प्रभाकर, हे महाराज कोण?”

 घाडींच्या डोळ्यांपुढे विमानतळ उभा राहिला. “ते... म्हणजे... गिऱ्हाईक, सर.”

“गिऱ्हाईक म्हणजे महाराज! वा! कस्टमर अॅट द सेंटर!” सुयोगने ते लिहून घेतलं. शिवाय टीमला त्याच दिवशी चार नव्या शिड्या मिळाल्या. चोवीस वर्षांत चार अर्ज करून घाडींना जे जमलं नव्हतं, ते गाऱ्हाण्याने चार तासांत केलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण होकाराची एक खोड असते. तो एकदा अंगवळणी पडला, की आपण कशाला हो म्हणतोय हे कुणी बघत नाही.

दोनच दिवसांनी जयराम गाऱ्हाण्यात म्हणाला, “जाब्रियातल्या दातांच्या दवाखान्यात पाणी ठिबकता हा, तिथे आज जावचा हा रे म्हाराजाऽ!” सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. आता कोण जाणार, हे सांगणारा कुणी उरला नव्हता. सगळे हो म्हणाले, म्हणून सगळे गेले.

अकरा वाजता घाडींचा फोन वाजला. दवाखान्याच्या डॉक्टर दर्शना बोलत होत्या. त्या नाशिकच्या आणि एरवी अत्यंत शांत बाई.

“घाडी, माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत तुमची दहा माणसं आहेत. आणि पाच शिड्या. पेशंट तोंड उघडून बसलाय आणि ते मिटायलासुद्धा घाबरतोय. मी इंजेक्शन कुठून देऊ? शिडीवरून?”

“मॅडम, मी आत्ता त्यांना...” घाडी थांबले. हुकूम द्यायला बंदी होती. पाच पावलांवर सुयोग उभा होता. घाडी फोन घेऊन स्टोअररूममध्ये शिरले, जुन्या कॉम्प्रेसरमागे उकिडवे बसले आणि चोरासारखे कुजबुजले, “जयराम, तू तिथंच रव. बाळासाहेबाला खैतानला पाठव. बाकीचे गच्चीवर. आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस!”

संध्याकाळी सुयोगला ही हकिकत कळली. आता बोलणी खावी लागणार म्हणून घाडी मान खाली घालून उभे राहिले. पण सुयोग उडालाच. “दहाच्या दहा गेले? आपणहून? प्रभाकर, याला आमच्यात स्वॉर्मिंग म्हणतात. प्रॉब्लेमवर सगळ्यांनी झडप घालणं. लोकांना हे शिकवायला मला वर्ष लागतं!”

तेव्हापासून रोजचा एक क्रमच झाला. सकाळी गोलात खणखणीत ‘व्हय म्हाराजा’ व्हायचं. गोल मोडला की दहाही माणसं कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात जाऊन एकामागून एक फोन करायची: “भाऊ, मी खय जाव?” घाडी कॉम्प्रेसरमागे बसून, घामाने निथळत, दबक्या आवाजात कामं वाटायचे. तक्रारी थांबल्या. कामं वेळेत होऊ लागली. कंपनीच्या ग्रुपवर गाऱ्हाण्याचे व्हिडिओ फिरले. केरळी वायरमन आणि इजिप्शियन प्लंबरसुद्धा आपापल्या गोलात ‘वोय माराजा’ म्हणू लागले.

जसजशी टीम नावारूपाला येत होती, तसतशी घाडींची झोप उडत चालली होती. टीम बुडाली तर विमानतळ होताच. पण टीम तरली तर ती फोरमनशिवाय तरली, असाच त्याचा अर्थ निघणार होता. मीच माझ्या हाताने माझी गरज संपवतोय, हे त्यांना कॉम्प्रेसरमागे बसल्या बसल्या कळलं. आणि कळूनही करण्यासारखं काही नव्हतं, कारण तेवढ्यात पुढचा फोन वाजला.

मुदीर आले तो दिवस उजाडला. पांढराशुभ्र झगा, हातात जपमाळ, आणि फारसं न बोलणारा माणूस. सोबत सुयोग, त्याचे बूट आज आणखीच पांढरे. घाडी गोलात उभे राहिले. सकाळी ताराने त्यांच्या खिशात अंगाऱ्याची पुडी टाकली होती. तिच्यावरच त्यांनी हात दाबून धरला होता.

जयरामने झकास सुरुवात केली. काल काय झालं, आज काय होणार, अडचण काय, सगळं चालीत आलं. मुदीरांना शब्द कळत नव्हते, पण ठेका कळत होता. तिसऱ्या ‘व्हय म्हाराजा’ला त्यांची मान डोलली, सहाव्याला त्यांनी जपमाळेने ताल धरला. संपल्यावर त्यांनी सुयोगच्या कानात एक प्रश्न विचारला.

सुयोग उत्साहाने पुढे आला. वातावरणाचा त्याच्यावरही परिणाम झाला होता. त्याने हात उंचावले आणि जयरामच्याच चालीत, पुणेरी उच्चारात तो म्हणाला, “मुदीर विचारतायत, या टीमचं काम फोरमनशिवाय उत्तम चाललंय का, महाराजाऽ?”

“व्हय म्हाराजा!”

वर्कशॉपचे पत्रे थरथरले. आणि त्या अकरा आवाजांत सगळ्यात खणखणीत आवाज घाडींचाच होता. पिढ्यान्पिढ्यांचं रक्त, ते प्रश्न ऐकायला थांबत नाही. शब्द तोंडातून निघून गेल्यावर घाडींनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. जयरामने जीभ चावली. बाळासाहेब आपल्या चपलांकडे बघत राहिला. मुदीर हसले, ‘मुमताज, मुमताज’ म्हणजे फार छान असं म्हणाले आणि सुयोगच्या पाठीवर थाप मारून निघून गेले.

दुपारी दहाही माणसं स्टोअररूममध्ये आली.

“भाऊ, जीभ झडली तर बरी माझी,” जयरामच्या डोळ्यांत पाणी होतं. “ता आपसूक इला.”

“माझंही आपसूकच आलं रे,” घाडी म्हणाले.

“आता नेम करूया,” जयराम सगळ्यांकडे वळला. “ह्याच्यापुढे कोणी कायव विचारल्यान तर आधी मनात पाच आकडे मोजूचे. मगे तोंड उघडूचा.” सगळ्यांनी मनात पाच आकडे मोजले आणि मग होकार दिला. नियम चांगला होता, पण घाडींच्या दृष्टीने चार तास उशिरा आलेला.

घरी ताराने कपाटावरच्या बॅगा खाली काढून पुसल्या. भरल्या नाहीत, नुसत्या पुसून ठेवल्या. पुढे आठ दिवस घाडी त्या बॅगांना वळसा घालून ये-जा करत होते. एका संध्याकाळी स्वरा त्यांच्याजवळ येऊन बसली. पोरीला मराठी येत असे, पण आजवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती इंग्रजीतच उत्तर देई.

“बाबा,” ती म्हणाली, “आपण खरंच जायचं का?”

तिच्या तोंडची मराठी ऐकून घाडींच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायला आधार नव्हता. ते मनात पाच आकडे मोजू लागले, ते पन्नासपर्यंत मोजत गेले.

नवव्या दिवशी सकाळी कमालचा फोन आला. “घाडी, ऑफिस आओ. अभी. बुकरा नहीं.”

कमालने आजवर कुणालाही ‘अभी’ म्हटलेलं नव्हतं. घाडी गेले ते भिंतीला धरून धरून गेले. कमालने त्यांच्यासमोर एक कागद सरकवला. घाडींनी आधी डोळे मिटले, मग एक उघडला. प्रभाकर घाडी. पद : फोरमन. मुदत : एक वर्ष.

“हे... ये कैसे हुआ?”

“कम्प्युटर में टीम मेंबर माफी,” कमालने ग्लास उचलून घोट घेतला. माफी म्हणजे इथल्या बोलीत ‘नाही’. “लिस्ट में नहीं है. मैंने तीन दिन ढूँढा. मेकॅनिक है, हेल्पर है, फोरमन है. गोल-गोल कुछ नहीं. मैं मुदीर के पास गया. मुदीर बोला, टीम डिसाइड करेगा. मैं सोचा, कमाल भी टीम. तो कमाल ने डिसाइड किया.”

 घाडींनी कमालचे दोन्ही हात धरले.

“सुनो घाडी, बीस साल का तजुर्बा बोलता हूँ. दीवार पे गोल, फाइल में चौकोन. दोनों चाहिए,” कमाल म्हणाला आणि त्याने डोंगरातून आणखी एक फाइल ओढली. “अब ये देखो. मुदीर बहुत खुश. सुयोग को दो साल रखना माँगता. लेकिन सुयोग का काम, जो भी है वो, लिस्ट में माफी. कंपनी में एक ही जगह खाली था. मैंने डाल दिया.”

घाडींनी वाचलं. सुयोग. पद : एसी हेल्पर. त्याखाली कंपनीच्या जुन्या फॉर्मवरची एक रेघ होती : ‘कोणाच्या हाताखाली’. तिथे कमालने सुबक अक्षरांत लिहिलं होतं : फोरमन पी. घाडी. आणि शेजारी सहीची जागा रिकामी होती.

दाराबाहेर बाकावर सुयोग बसला होता. घाडींना बघताच तो ताडकन उभा राहिला. चेहरा पांढराफटक, बुटांच्या रंगाला मिळता.

“काका,” तो म्हणाला.

घाडींनी या वेळीही मागे वळून पाहिलं, पण मागे कुणी नव्हतं.

“प्रभाकरकाका, माझा व्हिसा गुरुवारी संपतोय. बायकोने, स्वप्नाने, पुण्यातलं घर सोडलंय. बाळाचं सामानसुद्धा बांधून झालंय. तुम्ही सही नाही केलीत तर... म्हणजे, मी समजू शकतो. मी तुमची पोस्टच... पण काका, आता हे कोण ठरवणार?”

घाडींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ कोरडे पडलेले, हात खिशात काहीतरी घट्ट धरून. अंगाऱ्याची पुडी असेल किंवा मोबाईल असेल, धरण्याची पद्धत तीच होती. ही भीती घाडींच्या चांगल्या ओळखीची होती. गेले दोन महिने ती त्यांच्याच घरी जेवत होती. सही करायला त्यांचा हात शिवशिवला. पण माणूस कितीही भला असला, तरी दोन महिन्यांची झोप इतकी स्वस्तात सोडवत नाही.

“मी एकटा कसा ठरवू रे?” ते म्हणाले. “टीम ठरवेल.”

ते त्याला वर्कशॉपमध्ये घेऊन आले. गोल झाला. सुयोगला मधोमध उभं केलं. आज जयरामने पुढे न होता घाडींकडे बघून हळूच मान हलवली. घाडी खाकरले. दोन महिने दाबून ठेवलेला तो घराण्याचा आवाज पत्र्यांना जाऊन भिडला.

“गच्चीवरच्या, चिलरावरच्या, बारा पाइपांवरच्या म्हाराजाऽ! ह्यो पुण्याचो झील आमच्यात इलो हा. तेणा आमका गोलात उभे केल्यान, बोलूक शिकवल्यान, शिड्ये दिल्यान. काय चूकभूल झाली असात ती पोटात घाल. तेची बायल, तेचा पोर सुखान हय येव दे. तेका आमच्या हाताखाली घेवचो काय रे म्हाराजाऽ?”

कुणीच बोललं नाही.

दहा माणसं छताकडे बघत स्तब्ध उभी होती. जयरामचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. पाच आकड्यांच्या नियमाबद्दल सुयोगला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने घाडींकडे पाहिलं, मग जयरामकडे, मग दाराकडे. कपाळावरून घामाचा एक ओघळ निघाला आणि कानामागे गेला. आपण उभा केलेला गोल आतून किती मोठा दिसतो, हे त्याला बहुधा तेव्हाच कळलं.

“व्हय म्हाराजा!”

सुयोग मटकन खाली बसला. बाळासाहेबाने त्याला दंडाला धरून उठवलं, कुणीतरी पाणी दिलं. घाडींनी फॉर्म कॉम्प्रेसरवर ठेवला आणि ‘फोरमन’ या शब्दापुढे सावकाश, प्रत्येक अक्षर गोलाई देऊन सही केली.

“उद्या सकाळी सातला जाब्रियातल्या दवाखान्याच्या गच्चीवर ये,” कागद त्याच्या हातात देत ते म्हणाले. “चौदा फिल्टर धुवायचे आहेत. आणि सुयोग, ते पांढरे बूट घालून येऊ नकोस.”